'झाडपाल्याचंच आहे, अपाय काय होणार?'

२०२० सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. करोनाची पहिली लाट ओसरत आली होती, तरी दवाखान्यात आम्ही मास्क आणि हातमोजे घालूनच रुग्ण तपासत होतो. एके दिवशी संध्याकाळी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका मुलाचा हात धरून आत आल्या. वीस वर्षांचा घरोबा. त्यांनी शिकविलेली मुले आज माझे रुग्ण आहेत, त्यामुळे मी त्यांना 'बाई'च म्हणतो. त्यांचा चेहरा मास्कने झाकलेला होता, पण मास्कच्या वरचे डोळे दिसले आणि निम्मे निदान दारातच झाले. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे होते.

पंधरा दिवसांपासून बाईंची अन्नावरची वासना उडाली होती. तव्यावरच्या भाकरीचा वास आला तरी मळमळायचे. जिना चढताना दोनदा बसावे लागे. लघवी गडद चहासारखी होत होती. घरच्यांना वाटले, करोनाच झाला असावा. ती तपासणी करून घेतली, ती निर्दोष निघाली. मग डोळे पिवळे दिसू लागल्यावर कोणीतरी शेजारच्या तालुक्यातून काविळीची माळ आणून दिली. ती माळ गळ्यात घालूनच त्या आल्या होत्या.

"बाई, सध्या कुठली औषधं चालू आहेत?"

"थायरॉइडची गोळी. तुम्हीच दिलेली की. दुसरं काही नाही."

हे 'दुसरं काही नाही' वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

रक्ततपासणीत बिलिरुबिन ११ च्या वर आणि एसजीपीटी नऊशेच्या पुढे निघाले. निरोगी माणसाचे बिलिरुबिन साधारण १ च्या आत आणि एसजीपीटी चाळीसच्या आसपास असते. आपल्याकडे काविळीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दूषित पाण्यातून होणारा 'ए' आणि 'ई' विषाणूंचा संसर्ग. तो नव्हता. 'बी' आणि 'सी' नव्हते. सोनोग्राफीत पित्तखडा नव्हता, नळी तुंबलेली नव्हती. दारूचा प्रश्नच नव्हता. मग यकृताला एवढी सूज आली कशाने?

तिसऱ्या भेटीत मी प्रश्न बदलला. म्हटले, "बाई, औषधांचं राहू द्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडावाटे काय काय पोटात जातं, ते क्रमाने सांगा."

"उठलं की एक भांडं कोमट पाणी. मग गुळवेलीचा काढा. मग चहा..."

"गुळवेल? कधीपासून?"

"जूनपासून की. आमच्या दारच्या लिंबावरच चढलीय. कडुलिंबावरची चांगली म्हणतात ना? आणि डॉक्टर, तुम्हाला विचारूनच चालू केलं होतं मी."

ते खरे होते. जून महिन्यात त्यांचा फोन आला होता. त्या दिवसांत रोज शंभर फोन येत. 'काढा घेऊ का?' या प्रश्नाला माझे ठरलेले उत्तर होते, "घ्या हो, झाडपाल्याचंच आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य मीच उच्चारले होते. आजच्या लेखाचे शीर्षक मी दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच तोंडचे घेतले आहे.

मुंबईचे सहा रुग्ण

बाईंना मी पुण्यातील यकृतरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे यकृताचा तुकडा काढून तपासला गेला. अहवालात असे आले की, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृताच्या पेशींवर उलटली आहे. गुळवेल बंद केली, काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. कावीळ उतरायला दोन महिने लागले.

त्या वेळी आम्हाला हा एखादा विरळा प्रकार वाटला होता. पण नेमक्या त्याच महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांकडे असेच सहा रुग्ण आले होते. सगळ्यांना कावीळ, आणि सगळ्यांनी करोनापासून बचावासाठी गुळवेल घेतलेली. त्यांतील काहींना आधीपासून थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा विकार होता. पोटात पाणी झालेली ६२ वर्षांची एक महिला पुढे दगावली. हा वृत्तांत २०२१ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि बाईंच्या पुण्याच्या डॉक्टरांनी त्याची प्रत मला पाठविली. वाचताना आपल्याच रुग्णाचा केसपेपर वाचतो आहोत असे वाटत होते.

या वृत्तांतावर बराच वाद झाला. केंद्रीय आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पत्रक काढून गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणे दिशाभूल करणारे आहे, असे म्हटले. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची शहानिशा झाली नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही दुसरी वेल असू शकते आणि ती अपायकारक आहे, असा मंत्रालयाचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०२२ मध्येही मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगितले. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वेली ओळखणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, आणि बाजारात सुकलेले तुकडे विकत घेणाऱ्याला तर ते अशक्यच. पण मग सामान्य माणसाने काय समजावे? वेल चुकीची असेल तरी यकृत त्याचेच जाणार आहे.

२०२२ साली देशातील तेरा केंद्रांनी एकत्र येऊन आणखी रुग्णांचा अभ्यास मांडला. ४३ रुग्ण होते, निम्म्याहून अधिक स्त्रिया. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास जाणवू लागेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. काहींना ताजी कावीळ झाली होती. काहींचे यकृत आधीच आजारी होते आणि ते एकदम ढासळले. दोन तृतीयांश रुग्णांमध्ये गुळवेल हे कारण 'संभवनीय' या वर्गात बसले. आणि पुष्कळांच्या रक्तात व यकृताच्या तुकड्यात तीच खूण दिसली, जी बाईंच्या अहवालात होती: स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती.

येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्या दोन वर्षांत 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र घराघरात जपला गेला. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू बँकेतील ठेव, वाढेल तेवढी चांगली! प्रत्यक्षात ती पोलिसांसारखी आहे. पुरेशी असावी आणि शिस्तीत असावी. थायरॉइडच्या कित्येक रुग्णांमध्ये, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, मूळ आजारच असा असतो की प्रतिकारशक्ती स्वतःच्या ग्रंथीवर तुटून पडलेली असते. अशा व्यक्तीला प्रतिकारशक्ती चेतविणारे काही महिनोन्महिने देणे म्हणजे भांडखोर माणसाच्या हातात काठी देण्यासारखे आहे. संशोधकांचा तर्क असाच आहे की, ज्यांच्यात हा दोष सुप्तपणे असतो त्यांच्यात गुळवेल तो उघडा पाडते. सगळ्यांनाच त्रास होत नाही. लाखो लोकांनी ती घेतली आणि बहुतेकांना काही झाले नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आयुर्वेद व योगावर आधारित जी उपचारप्रणाली जाहीर केली, तिच्यात गुळवेलीची घनवटी पाचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना असे प्रमाण होते. माझे एक वैद्य मित्र म्हणतात, "आम्ही गुळवेल देतो, पण नाडी बघून, ऋतू बघून, आणि थांबवायची तारीख सांगून देतो." बाईंनी घेतली साडेचार महिने, अंगठ्याएवढ्या जाडीचे वीतभर खोड रोज उकळून. ना मोजमाप, ना थांबायची तारीख. आणि डॉक्टरने फोनवर दिलेली परवानगी!

यकृत हे काम करते कसे

उजव्या बरगड्यांखाली असलेला हा अवयव प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचा असतो. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून जाते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून येते. म्हणजे आपण जे गिळतो, ते शरीरभर पसरण्याआधी यकृताच्या जकातनाक्यावर थांबते. तेथे त्याची तपासणी होते, तोडफोड होते, निरुपयोगी भाग पित्तातून किंवा लघवीतून बाहेर टाकण्याजोगा केला जातो.

हा जकातदार ॲलोपॅथी, आयुर्वेद असा भेद करीत नाही. त्याच्या दृष्टीने सगळी रसायनेच. वनस्पती ही तर रसायनांचा कारखानाच आहे. तिला पळता येत नाही, म्हणून किडे आणि गुरे यांच्यापासून बचावासाठी ती कडू, तिखट, विषारी द्रव्ये तयार करते. आपली पुष्कळ औषधे त्यातूनच आली. धोतरा, कण्हेर, गुंज ही झाडे सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही बांधावर दिसतील, आणि तीही 'नैसर्गिक'च आहेत. त्यांच्या वाटेला शेतकऱ्याचे लहान पोरसुद्धा जात नाही.

औषधाने यकृताला इजा होते ती दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा मात्रेची: ठराविक मर्यादेपलीकडे घेतले की कोणालाही इजा होणारच. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी याचे उत्तम उदाहरण. प्रौढ माणसाने दिवसात चार ग्रॅमच्या, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांच्या वर गेले की धोका सुरू होतो. दारू पिणाऱ्याला तर त्याच्या बऱ्याच आधी. दुसरी तऱ्हा माणसागणिक वेगळी: हजारांना काही होत नाही आणि एखाद्याला साध्या मात्रेतही होते. कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. वनौषधींनी होणारी बहुतेक इजा या दुसऱ्या तऱ्हेची असते. म्हणूनच "आमच्या शेजारचे रोज घेतात, त्यांना कुठे काय झालं?" हा युक्तिवाद उपयोगाचा नाही.

आमच्या बाजूचीही कबुली येथे द्यायला हवी. भारतातील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी २०१३ ते २०१८ या काळातील १,२८८ रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक होता क्षयरोगाच्या गोळ्यांचा, ४६.४ टक्के. म्हणजे आमच्याच पोतडीतली औषधे. दुसरा क्रमांक आयुर्वेदिक, वनौषधी आणि इतर पर्यायी औषधांचा, १३.९ टक्के. एकूण रुग्णांपैकी सुमारे बारा टक्के दगावले. फरक एवढाच की, क्षयरोगाच्या गोळ्या चालू करताना आम्ही रुग्णाला सांगतो, भूक गेली, उलटी झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच या. घेतल्याशिवाय जीव वाचणार नाही असे ते औषध आहे, म्हणून तो धोका पत्करायचा. काढ्याच्या पुडीवर असे सांगणारे कोणी नसते, आणि पुष्कळदा ती घेण्याची गरजही नसते.

बिडी कामगार वस्तीतील एक बाई क्षयाच्या गोळ्यांबरोबर आठवडी बाजारातून घेतलेली सांधेदुखीची पूड खात होत्या. कावीळ झाली तेव्हा दोष कोणाला द्यायचा, हे अखेरपर्यंत ठरविता आले नाही. पूड संपलेली, पुडीवर नाव नाही, विकणारा पुढच्या गावाला गेलेला. गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि क्षयाचे उपचार दीड महिना लांबले. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली असतात असा आम्हा डॉक्टरांचा नित्याचा संशय असतो. पहिल्याच दिवशी गुडघा हलका झाला तर तो संशय बळावतो.

डबाबंद 'नैसर्गिक'

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यात एक नवा प्रकार आला आहे. चकचकीत डबे, वर हिरवे पान, आणि विकणारा ओळखीचाच कोणीतरी: भाचा, सहकारी, भिशीतली मैत्रीण. वजन कमी करणारे, ताकद देणारे, 'लिव्हर साफ' करणारे. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातात तर दोन दोन डबे दिसतात. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्यात अशा पूरक आहारांमुळे झालेल्या रुग्णांचे प्रमाण २००४-०५ मध्ये ७ टक्के होते, ते २०१३-१४ पर्यंत २० टक्क्यांवर गेले. ग्रीन टी म्हणून कपभर पाणी पिणे वेगळे आणि त्या पानांचा अर्क गोळीत कोंबून उपाशीपोटी घेणे वेगळे. या अर्काने यकृत निकामी झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

हळदीचेही असेच. आपण सांगलीच्या बाजारातली हळद पिढ्यान्‌पिढ्या आमटी-भाजीत घालतो आहोत. कोणी घाबरून फोडणीतली हळद बंद करू नये. पण तिचा सत्त्वार्क काढून, त्यात मिरीचा अर्क मिसळून गोळ्या विकल्या जातात. मिरीतील पिपरिन हे द्रव्य हळदीचे शोषण अनेक पटींनी वाढविते. जाहिरातीत तो गुण म्हणून सांगितला जातो. अशा हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल अमेरिकेतील त्याच जाळ्याने २०२२ मध्ये दिला. दहातील सातजणांच्या रक्तात एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, आणि एक रुग्ण दगावला. अश्वगंधा, कोडासाठी दिली जाणारी बावची यांच्याबद्दलही असे वृत्तांत आहेत. भारतातील अश्वगंधेच्या एका अभ्यासात ज्यांचे यकृत आधीच खराब होते त्यांना सर्वाधिक फटका बसलेला दिसतो.

कायद्याची बाजूही थोडी समजून घ्या. आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि त्यांना उत्पादन परवाना लागतो. ज्या औषधात बचनाग, कुचला, धोतरा यांसारखी विषारी द्रव्ये असतात, त्यावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. पूरक आहाराचे डबे मात्र औषधच नव्हेत. ते अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात आणि त्यांच्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे बारीक अक्षरात छापलेले असते. घरी जाऊन भिंग लावून बघा. विकताना सांगितलेले आणि डब्यावर छापलेले, यांचा मेळ बसत नाही.

धातूंचा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. एवढेच सांगतो की, २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

माळ आणि चुन्याचे पाणी

बाईंच्या गळ्यातील माळेचे काय झाले, असे वाचक विचारतील. आपल्या भागात कावीळ झाली की पहिली धाव माळेकडे किंवा 'कावीळ उतरविणाऱ्या'कडे असते. माळ दिवसागणिक लांब होत जाते आणि कावीळ तिच्यात उतरली असे म्हणतात. माळ ओल्या काड्यांच्या तुकड्यांना दोऱ्याचे वेढे देऊन केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, वेढे सैल पडतात, दोरा मोकळा होतो, माळ लांबते. खुंटीवर टांगली तरी लांबेल. हातावर रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, तो आंब्याच्या सालीचा आणि चुन्याचा खेळ आहे; काविळीच्या रुग्णाऐवजी जावयाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे गावोगाव करून दाखविले आहे.

तरीही माणसे बरी होतात, कारण पाण्यातून होणारी 'ए'ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. श्रेय माळेला मिळते. पण औषधाने झालेल्या काविळीत पहिला उपचार म्हणजे ते औषध थांबविणे, आणि माळ घालून बसलेला माणूस काढा चालूच ठेवतो. बाईंनी माळ घातल्यावर काढा दुप्पट केला होता. कावीळ लवकर उतरावी म्हणून!

झाडपाल्यातून काविळीवर काही मिळणारच नाही, असे म्हणण्याइतका मी हटवादी नाही. भुईआवळ्याचे उदाहरण घ्या. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा लेख आला. 'बी' विषाणूचा शोध लावणारे नोबेल विजेते बारुख ब्लुमबर्गही त्यात होते. भुईआवळ्याची पूड महिनाभर घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती पूड दिलेल्या २३ जणांत एकाचीच. केवढा आनंद झाला होता! पुढे इतरांनी तोच प्रयोग केला, तेव्हा तसा गुण दिसला नाही. त्या वनस्पतीचा मान कमी होत नाही, पण एकदा आलेला गुण पुन्हा पुन्हा यावा लागतो, तेव्हा ते औषध ठरते.

पुन्हा एकदा बाई

वर्षभराने बाई नियमित तपासणीला आल्या. चेहरा तजेलदार, तक्रार काही नाही. एसजीपीटी मात्र ३१० आले. आदल्या तपासणीत ते तीसच्या आसपास होते. मी विचारले, "बाई, गुळवेल पुन्हा?"

"छे हो डॉक्टर! वेल तर मुलाने कापूनच टाकली. नावसुद्धा काढत नाही मी."

पुन्हा तोच प्रश्न, सकाळपासून काय काय. तेव्हा सुनेने पिशवीतून एक बाटली काढली. कावीळ होऊन गेलेली, यकृत नाजूक झालेले, म्हणून भाच्याने आणून दिलेले 'लिव्हर टॉनिक'. सहा आठवडे चालू होते. घटकांची यादी बारीक अक्षरात, वनस्पतींची नावे लॅटिनमध्ये. पाचव्या क्रमांकावर लिहिले होते 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया'. म्हणजे गुळवेल.

बाटली बंद झाली आणि दीड महिन्यात आकडा चाळीसच्या आत आला. पहिल्या वेळी मनात जी थोडी शंका होती, ती या दुसऱ्या वेळेने संपविली. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू नये. दुसऱ्या खेपेची इजा पहिल्यापेक्षा भयंकर असू शकते. बाई वाचल्या, कारण तपासणीची तारीख त्यांनी चुकविली नव्हती.

आता 'दुसरं काही नाही' याकडे येतो. रुग्ण खोटे बोलत नाहीत. त्यांच्या लेखी काढा, चूर्ण, आसव, डब्यातली पूड ही औषधेच नसतात. ती घरातली वस्तू असते, चहासारखी. म्हणून डॉक्टरांनी 'औषध कोणते' एवढेच विचारून भागत नाही, आणि तुम्हीही विचारण्याची वाट पाहू नका. दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या पुड्या, बाटल्या, रिकामी झालेली पाकिटेसुद्धा एका कापडी पिशवीत घालून आणा. लाजू नका. रागावणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्याकडे जा, पण पिशवी घेऊनच जा. वैद्यांकडे गेलात तर आमच्या गोळ्याही त्यांना दाखवा.

ज्यांना थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा त्वचेचा प्रतिकारशक्तीशी निगडित विकार आहे, ज्यांना 'बी' किंवा 'सी'ची कावीळ आहे, ज्यांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी लिहून आली आहे, जे रोज दारू घेतात, जे क्षयाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेतात, त्यांनी कोणताही काढा अथवा अर्क आपल्या मनाने महिनोन्महिने घेऊ नये. गर्भवतींनी तर नाहीच. घ्यायचेच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, किती दिवस ते विचारून, आणि आधी एकदा यकृताची रक्ततपासणी करून. ही तपासणी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात होते आणि खाजगी प्रयोगशाळांतही होते.

घेत असताना भूक मेली, मळमळू लागले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, शौचाचा रंग फिका पडला, तर डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता ते त्याच दिवशी बंद करा आणि दाखवा. बहुतेकांची इजा एवढ्यानेच थांबते. परंतु कावीळ झालेला माणूस दिवसा पेंगू लागला, रात्री जागा राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा पोट फुगू लागले, तर ती रात्र घरी काढू नका. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळ झाली तर दहातला एक दगावतो, असा ठोकताळा झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने मांडला होता आणि तो आजही वापरला जातो.

कोणत्याही औषधाचा, अगदी आमच्या गोळ्यांचाही, अपाय झाला तर त्याची नोंद करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे चालणाऱ्या देशव्यापी नोंदणीचा विनाशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ असा आहे. रुग्णाला किंवा नातेवाइकालाही तो करता येतो. आयुर्वेदिक औषधांच्या अपायांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी नोंदणी आहे. बाईंची नोंद मी दुसऱ्या खेपेनंतर केली. पहिल्या खेपेला केली नव्हती, याचे कारण आळस नव्हते. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: हे औषध कोणाच्या सल्ल्याने घेतले?

(पुढील आठवड्यात : उन्हाळा आणि मूतखडा)